वाकळीचा बेत

वाकळ नीट बघायची असेल तर ती जमिनीवर पसरावी आणि उशाच्या बाजूला उभं राहावं. बाजेवर टाकली की ती अंथरूण होते, दोरीवर टाकली की वाळवण. जमिनीवर ती शिवणारीला दिसली होती तशी दिसते. माझ्यापुढे आत्ता पसरलेली वाकळ मराठवाड्यातल्या ढोकीच्या आमच्या घरातली आहे. आजीनं ती 1985 च्या उन्हाळ्यात शिवली. ज्वारीची रास घरात येऊन पडली होती आणि मृगाला अवकाश होता. आमच्या भागात बायकांच्या हाताला जी काय उसंत मिळते ती तेवढीच. मी दहा वर्षांची होते. आजीची नजर कमी झाल्यामुळे सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या निमित्तानं तिच्या मांडीला मांडी लावून मी पंधरा दिवस बसले.

लांबी साडेचार हात, रुंदी अडीच हात. एका माणसाची वाकळ. हे माप कुणी ठरवलेलं नाही, ते लुगड्यातूनच आलेलं आहे. नऊवारी लुगडं म्हणजे 27 फूट, हाताच्या मापानं 18 हात. त्याचे चार सारखे भाग केले की एकेक भाग साडेचार हातांचा होतो. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याची. चारही भाग एकावर एक टाकून टाके घातले की झाली चौघडी. बाईच्या अंगावरचं कापड माणसाच्या उंचीला इतकं बरोबर पुरतं, हे मला आजही नवलाचं वाटतं.

पण आजीनं लुगडं नुसतं चौपदरी दुमडलं नाही. कारण लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. बसण्याउठण्याचा आणि कासोट्याचा भाग आधी विरतो. निऱ्यांत चुणून राहिलेलं कापड त्या मानानं शाबूत राहतं. दुमडून शिवलं तर विरलेला भाग जिथे येईल तिथे वाकळ वर्षभरात तोंड उघडते. म्हणून आधी फाडायचं, निवडायचं आणि मग रचायचं. ही निवड म्हणजेच वाकळीचा बेत. टाका हा पुढचा भाग. टाक्यांचं कौतुक सगळे करतात, निवडीकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते वाकळीची खरी करामत तिथेच आहे.

बोचकं सोडून आजी उंबऱ्यात बसली होती. एकेक कापड उचलायची, दाराच्या उजेडाला धरायची आणि मला विचारायची, ‘‘पोरी, उजेड गाळून येतोय का धो धो येतोय, बग.’’ गाळून आला तर ते कापड वरच्या बाजूला. धो धो आला तर पोटात. मग दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायची. करकर आवाज झाला की ते पोटातही नको, त्याची चुंबळ किंवा पोतेरं. तांबडं, जांभळं काही निघालं की अंगठा पाण्यात बुडवून त्यावर घासायची. अंगठा रंगला तर ते कापड बाजूला. कच्च्या रंगाचा एवढासा तुकडा पहिल्या धुण्यात शेजारच्या सगळ्यांना रंगवून जातो.

आईनं लातूरहून येताना अस्तराला म्हणून नवा मांजरपाट आणला होता. चांगला खळ धरलेला, कोरा. आजीनं तो हातात घेतला, वास घेतला आणि परत दिला. ‘‘नवं आकसतंय, सूनबाई. ह्ये बाकीचं आकसून बसल्यालं हाय.’’ एवढं एकच वाक्य, पण त्यात सुती कापडाचं सगळं शास्त्र आहे. कोऱ्या कापडातली खळ पहिल्या काही धुण्यांत निघून जाते, मागावर ताणलेलं सूत सैल होतं आणि कापड आखडतं. जुनं लुगडं हे सगळं भोगून झालेलं असतं. नवं आणि जुनं एका टाक्याखाली आलं की नवं आखडतं आणि जुन्याला चुण्या पडतात. पुढे पुढे त्या चुणीवरच जुनं कापड फाटतं. तान्ह्या बाळाचं दुपटं जुन्या पातळाचं करतात ते मऊपणासाठी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वाकळीत जुनं कापड मऊपणासाठी असतं आणि ते आता बदलणार नाही, या खात्रीसाठीही असतं.

आता वरची बाजू बघू. जमीन गर्द निळ्या इरकली लुगड्याची आहे. उशाच्या बाजूला त्याच लुगड्याचा तांबडा पदर, त्यावर पांढऱ्या आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखी उभी नक्षी. इलकलचे विणकर याला तोप-तेनी म्हणतात. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असतो. पदराचं सूत अंगाच्या सुतात फासे अडकवून जोडलेलं असतं, आणि ती जोडणी हीच इलकलची ओळख. आजीनं अठरा हातांच्या लुगड्यातून हा साडेचार हातांचा तुकडा असा फाडला आहे की ती जोडणी अखंड राहावी. पदर वेगळा काढून दुसरीकडे ठिगळासारखा लावणं सोपं होतं, दोन-तीन वाकळींना तो पुरला असता. तिनं तसं केलं नाही. पदर उशाकडेच ठेवला, म्हणजे पांघरताना तो हनुवटीशी येतो आणि पाय कधी लागत नाहीत.

आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. तेव्हापासून आजीनं तांबडा पदर अंगावर घेतला नव्हता.

पदराच्या खाली, निळ्या जमिनीवर, सोळा त्रिकोण आहेत. चार-चारांचे चार गट, मधल्या चौकटीच्या चारी दिशांना, सारीपाटाच्या चार पट्ट्यांसारखे. हे त्रिकोण खणाचे आहेत, गुळेदगुड्डच्या. चिंतामणी, आमसुली, हळदी, मोरपंखी. खणावर विणलेले बारीक ठिपके अजून बोटाला लागतात. मला बरीच वर्षं वाटायचं की आजीच्या डोक्यात सारीपाट होता आणि तिनं त्याप्रमाणे खण कापले. पुढे स्वतः एक जुनी चोळी उसवली तेव्हा कळलं की गोष्ट उलटी आहे. चोळी उसवली की तिचे तुकडे चौकोनी निघतच नाहीत. बाहीचा, काखेचा, पाठीचा, सगळे तिरके. त्यांना चौकोन करायला जावं तर अर्धं कापड कातरीत जातं. आजीनं त्या तिरकेपणालाच नक्षी केली. म्हणजे शिंप्यानं चाळीस वर्षांपूर्वी चोळी बेतताना ज्या रेषेवर कातर चालवली होती, तीच रेषा या सारीपाटात आहे.

यात एक धोका होता आणि तो तिला ठाऊक होता. कापड सुताच्या रेषेत फाडलं तर ताणत नाही. तिरकं कापलं की रबरासारखं वाढतं. त्रिकोणाची एक तरी बाजू तिरकी असणारच. आता एकेक त्रिकोण जवळून बघितला तर दिसतं की सरळ सुताची बाजू तिनं सगळीकडे बाहेर ठेवली आहे आणि दोन तिरक्या बाजू एकमेकींना भिडवल्या आहेत. एक ताणली तर दुसरीही तेवढीच ताणणार. सोळाच्या सोळा त्रिकोणांत हे पाळलेलं आहे. एकदाही चूक नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईनं केलेली ही भूमिती आहे.

रंगांबद्दल थोडं सांगते. चिंतामणी आणि निळा हे रंग इतके जवळचे आहेत की लांबून चिंतामणी त्रिकोण जमिनीत विरून जातात. दुसऱ्या कुणी ते टाळले असते. आजीनं त्यांच्या शेजारी हळदी लावले आहेत, त्यामुळे डोळा आधी हळदीवर थांबतो आणि मग शेजारी काहीतरी आहे हे कळतं. वाकळ दिवसा एक दिसते आणि कंदिलाच्या उजेडात दुसरी. रात्री हळदी तेवढे उरतात, चार चांदण्या असल्यासारखे. तांबडा मात्र पदर सोडून वरच्या बाजूला फक्त एकाच ठिकाणी आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

चारी कोपऱ्यांना गोटाच्या आत खाकी कापड आहे. काका तेरणा साखर कारखान्यात कामाला होते, त्यांच्या जुन्या विजारीचं. जाड, खरखरीत, सुईला न जुमानणारं. ते मैदानात घेतलं असतं तर शेजारचं मऊ कापड त्यानं ओढून फाडलं असतं. पण वाकळ झटकताना, घडी घालताना, दोघींनी धरून पिळताना सगळा ताण येतो तो कोपऱ्यांवर. जाड कापडाला तिनं तिथे कामाला लावलं. तिथे टाके दाभणानं घातलेत हे भोकांवरून कळतं.

मधोमध आजोबांचं धोतर आहे. हातभर लांब, हातभर रुंद पांढरा चौकोन. त्यावर काही नाही. फूल नाही, चांदणी नाही. एवढ्या रंगीत पसाऱ्यात ही पांढरी जागा आधी रिकामी वाटते. थोडा वेळ बघत राहिलं की लक्षात येतं, सगळे त्रिकोण तिच्याकडे तोंड करून बसलेले आहेत.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिन्ही बाजूंनी पाणी, आणि वस्ती गुलामगिरीतून सुटलेल्या शेतमजुरांच्या वंशजांची. तिथल्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि नंतर न्यूयॉर्कला. त्यांत मिसूरी पेटवे या बाईची 1942 ची एक गोधडी आहे. नवरा वारल्यावर त्याचे शेतातले कपडे फाडून तिनं ती केली. तिचं छायाचित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नाही. गुडघ्यावर फिकं पडलेलं कापड तिनं तसंच ठेवलं आहे. माणूस जिथे वाकला, जिथे टेकला, ते सगळं त्यात आहे. आजीच्या पांढऱ्या चौकोनातही एका बाजूला सूत पातळ झालं आहे. आणि तिथल्या बायका ज्याला ‘हाउसटॉप’ म्हणतात ती चौकटीत चौकट, चौकटीत चौकट अशी रचना, तीच आपल्या वाकळीच्या टाक्यांची चाल आहे. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींचं नावही ऐकलेलं नव्हतं.

टाके. धावदोरा, बाहेरून आत. कडेपासून सुरुवात, चारी बाजूंनी फिरत एक फेरा, मग बोटभर आत सरकून दुसरा. असं करत मधल्या चौकोनापर्यंत. या चालीत एक अडचण आहे. प्रत्येक फेऱ्याबरोबर कापडाचा सैलपणा आत ढकलला जातो आणि शेवटी मधोमध फुगा येतो. म्हणून आधी सगळे थर पसरून, कोपऱ्यांवर पाटा आणि वरवंटा ठेवून, लांब कच्चे टाके घालून घ्यावे लागतात. आजीनं दोन दिवस नुसते कच्चे टाकेच घातले. मला वाटत होतं की हे शिवणं वाया चाललंय, कारण ते पुढे काढून टाकायचे होते.

तरीही पांढऱ्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात, नखाएवढी, एक चुणी राहून गेली आहे. सगळ्या वाकळीचा उरलेला सैलपणा तिथे येऊन थांबला. उसवून पुन्हा करता आलं असतं. आजीनं ती चुणी अंगठ्यानं दाबली, आडवी पाडली आणि तिच्यावर तीन बारीक टाके घातले. दोरा तांबडा घेतला. पदरानंतर वरच्या बाजूला तांबडा रंग आहे तो एवढाच. बाकी सगळीकडे पांढरा दोरा, इथे तांबडा. तो दोरा मीच ओवून दिला होता, पण तांबडाच का, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी जपून ठेवली आहे. सुमारे 40 फूट लांब खादीच्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं, ओव्या आणि आकृत्या दोन्ही. पासोडी म्हणजे खरं तर अंगावर घ्यायचं जाड पांघरूण. पांघरूणावर ग्रंथ लिहावा असं मराठवाड्यात चारशे वर्षांपूर्वी एका कवीला वाटलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या कापडाकडे आपण वाचायच्या नजरेनं जातो. वाकळीकडेही तसंच जावं, एवढीच माझी मागणी आहे. ओळी आहेत, फक्त त्या कडेकडून आत जातात.

ढोकीपासून तेर जवळ आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हणून आपण ते ओळखतो. त्याही आधी ते तगर होतं. पहिल्या शतकात मागे आपलं नाव न ठेवलेल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांचं वर्णन लिहिलं, ‘पेरिप्लस’. त्यात तगरचा माल येतो. वाटा नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाणारा तगरचा माल म्हणजे पुष्कळसं साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि एका जांभळट फुलाच्या रंगाचं सुती कापड. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली बघायला लांबून लोक येतात आणि त्यांनी यावंही. पण मी त्या यादीतल्या पहिल्या शब्दांशी अडते. साधं कापड, आणि पुष्कळ. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या काळ्या रानातून बाहेर गेलं ते मुख्यतः साधं, रोज वापरायचं कापड. त्यातला धागाही आता बहुधा कुठे नाही, कारण साधं कापड कुणी जपून ठेवत नाही, ते वापरून संपवतात. त्याचंही शेवटी असंच काहीतरी पांघरूण झालं असेल.

वाकळीची पाठ उलटून बघू. पाठीला काळपट हिरवं पातळ आहे, मातीचा डाग न दाखवणारं, आणि त्यावर फेऱ्यांच्या चौकटी पुढच्यापेक्षा स्वच्छ दिसतात. इथे त्रिकोण मध्ये येत नाहीत. डाव्या हाताला पायथ्याशी एक पोपटी ठिगळ आहे, ते मागून लागलेलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. उमरगा आणि औसा भागात गावंच्या गावं गेली. ढोकी उभी राहिली, पण पुढे कितीतरी रात्री घरात झोपायचा धीर कुणाला होत नव्हता. अंगणात, रस्त्याकडेला, सगळ्या गावाच्या वाकळी उघड्यावर आल्या. आमची वाकळ त्या दिवसांत खाटेच्या खिळ्याला अडकून फाटली.

आजी तेव्हा थकली होती. ठिगळाचे टाके लांब आणि वाकडे आहेत, 1985 चा हात त्यात नाही. पण उजव्या हाताला, अगदी त्याच उंचीवर, तेवढंच दुसरं पोपटी ठिगळ आहे. मी ते बोटांनी चाचपून बघितलं, एका बाजूनं उसवूनही बघितलं. त्याच्याखाली भोक नाही, हिरवं पातळ धडधाकट आहे. एका बाजूला ठिगळ पडलं म्हणून तिनं दुसऱ्या बाजूलाही लावलं. जमिनीला कान लावून झोपण्याच्या त्या दिवसांत, हात थरथरत असताना, पाठीच्या बाजूला, जी कुणी बघत नाही तिथे.

आता नुसत्या कापडाबद्दल एक मत. अलीकडे शहरांतून गोधडीला चांगले दिवस आले आहेत आणि शिवणाऱ्या बायकांच्या हाताला त्यातून पैसे मिळतात, याचा मला आनंद आहे. पण कपाटातल्या सिंथेटिक साड्या आणून ‘यांची गोधडी करा’ असं सांगितलं जातं तेव्हा मला त्या कापडाची आणि अंगावर घेणाऱ्याचीही काळजी वाटते. ते कापड घाम शोषत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून टाका कितीही दाट घातला तरी पोटातलं कापड गोळा होतं. ते विरत नाही, सुताला सूत धरून मऊ होत नाही. वर्षानुवर्षं पांघरलेली सुती वाकळ थराला थर चिकटून एकजीव होते. सिंथेटिकचे थर विसाव्या वर्षीही वेगळेच राहतात. आठवण म्हणून एखादा तुकडा वर लावावा, पण तोही आजीनं खाकी कापडाला दिली तशी जागा ओळखून. बाकी पोटात आणि पाठीला सुतीच हवं. घरात नसेल तर शेजारी मागावं, पूर्वी तसं मागत असत.

बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी ढोकीवरून जायची तेव्हा आजी तिनं बार्शीच्या बाजाराला जायची आणि लुगडं घेताना पदराच्या आधी निऱ्यांचं कापड चोळून बघायची. दुकानदार पदर उलगडून दाखवत असायचा आणि ही मधलंच कापड बोटांत धरून बसायची. तेव्हा मला ते विचित्र वाटे. नेसायच्या आधीच तिच्या डोक्यात त्याची वाकळ असायची.

यंदा मीही एक वाकळ करायला घेतली आहे. आईची पातळं काढली, सात निघाली. त्यांतली तीन सिंथेटिक, ती बाजूला ठेवली. उरलेल्या चारांपैकी एक फिक्या अबोली रंगाचं, बारीक चौकड्यांचं. आई शाळेत शिकवायची, ते पातळ ती शाळेत नेसायची. मी ते खिडकीशी नेलं आणि उजेडाला धरलं. मधला भाग पार गेला आहे, खिडकीचे गज त्यातून मोजता येतात. खांद्यावर जिथे पिन लावायची तिथे भोकांची बारीक ओळ आहे. पदर शाबूत आहे. उजेड त्यातून गाळून येतो. ती भोकांची ओळ कापावी का वर ठेवावी, हे अजून ठरलेलं नाही. तोपर्यंत पदर वरच्या ढिगात ठेवला आहे, घडी न घालता.